पासपोर्ट रिन्यू करायचाय? आधी तारखेचा हिशोब समजून घ्या, मग फॉर्म भरा

गेल्या काही वर्षांत घरातल्या जवळजवळ सगळ्यांचे पासपोर्ट नवीन करून घेतले, आईबाबांचे, बायकोचा, मुलीचा, माझा स्वतःचा, त्यामुळे आता ओळखीतल्या कुणाचाही पासपोर्ट संपत आला की फोन मला येतो. प्रश्न दरवेळी तेच असतात. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतोय. हे आपल्या भारतीय पासपोर्टबद्दल आहे आणि भारतात राहून अर्ज करणाऱ्यांसाठी आहे, परदेशात असणाऱ्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. एजंटची खरंच गरज नाही. ज्याला ऑनलाइन रेल्वेचं तिकीट काढता येतं त्याला हा फॉर्म भरता येतो, आणि पासपोर्ट केंद्रात तसंही तुम्हालाच जावं लागतं, एजंट तुमच्या जागी बोटांचे ठसे देऊ शकत नाही.

१. पासपोर्ट उघडा आणि खरी शेवटची तारीख काढा

मोठ्या माणसाचा साधा पासपोर्ट १० वर्षांचा असतो. म्हणजे १२ ऑगस्ट २०१७ ला मिळाला असेल तर त्यावर ११ ऑगस्ट २०२७ छापलेलं असतं. बहुतेक लोक ही तारीख बघतात आणि म्हणतात, अरे अजून वेळ आहे. इथेच गडबड होते, कारण ही तारीख पासपोर्ट मरायची आहे, पण प्रवासासाठी तो त्याच्या बराच आधी निरुपयोगी होतो.

सिंगापूर, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, दुबई, आपल्याकडचे लोक जिथे सगळ्यात जास्त जातात त्या या देशांना तुम्ही तिथे पोचता त्या दिवशी पासपोर्टमध्ये किमान ६ महिने शिल्लक लागतात. म्हणजे वरच्या उदाहरणातला पासपोर्ट या देशांसाठी फेब्रुवारी २०२७ मध्येच संपला. ऑगस्टपर्यंत चालतो म्हणून मे महिन्याच्या सुट्टीचं तिकीट काढलंत तर विमानतळावर चेक-इनच्या काउंटरलाच अडवतील, कारण असा प्रवासी नेला तर परत आणायची जबाबदारी एअरलाइनवर येते, त्यामुळे तिथे विनंतीचा काही उपयोग होत नाही.

युरोपातल्या शेंगेन देशांचा (जर्मनी, फ्रान्ससारखे एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) नियम वेगळा आहे. तिथून निघायच्या दिवसानंतर किमान ३ महिने पासपोर्ट चालू पाहिजे, तो गेल्या १० वर्षांच्या आत दिलेला पाहिजे आणि दोन पानं कोरी पाहिजेत. ब्रिटनला मुक्काम संपेपर्यंत वैध असला तरी चालतो. साउथ आफ्रिकेला परत निघायच्या तारखेनंतर ३० दिवस आणि कोरी पानं लागतात. प्रत्येक देशाचं वेगळं आहे म्हणून सगळे नियम पाठ करण्यापेक्षा सोपं सूत्र धरा, छापलेल्या तारखेतून ६ महिने वजा करा आणि तीच तुमची शेवटची तारीख समजा. त्यात पुन्हा व्हिसा काढायचा असेल तर व्हिसाला लागणारा वेळ अजून वजा करा.

कोरी पानं पण आत्ताच मोजा. शिक्क्यांनी पानं भरली असतील तर तारीख शिल्लक असूनही नवीन पासपोर्ट घ्यावा लागतो.

२. अर्ज कधी करायचा

मुदत संपायच्या १ वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. माझं स्पष्ट मत आहे की दार उघडलं की पहिल्या दोनतीन महिन्यांतच करून टाका. लोकांना वाटतं लवकर केला तर उरलेले महिने वाया जातील, आणि हे खरंय की उरलेले महिने नवीन पासपोर्टमध्ये जोडले जात नाहीत, नवीन पासपोर्टची १० वर्षं तो दिल्याच्या तारखेपासूनच मोजली जातात. पण वर बघितलं तसं शेवटचे ६ महिने तुम्हाला फारसे वापरता येणारच नव्हते, मग वाया जाण्यासारखं उरतं काय?

उलट मुदत संपून गेली असेल तरी घाबरू नका, दंड वगैरे काही नसतो. फक्त मुदत संपून ३ वर्षांपेक्षा जास्त झाली असतील तर फॉर्ममध्ये कारण वेगळं निवडायचं असतं आणि पोलीस व्हेरिफिकेशन धरूनच चालायचं.

कधी करू नये ते पण सांगतो. एखाद्या देशाच्या व्हिसाचा अर्ज चालू असेल तेव्हा पासपोर्ट बदलायला जाऊ नका, कारण व्हिसा जुन्या नंबरवर मागितलेला असतो. आणि प्रवास तोंडावर असेल तरी नको, कारण अर्ज मंजूर होताना जुना पासपोर्ट रद्द होतो, साधारणपणे त्याच भेटीत, आणि नवीन हातात येईपर्यंत तुमच्याकडे चालू पासपोर्टच नसतो.

३. कागदपत्रं

लोक याचंच सगळ्यात जास्त टेन्शन घेतात आणि खरंतर रिन्यूअलला यादी छोटी आहे. नाव, पत्ता काहीच बदललं नसेल तर:

- जुना ओरिजिनल पासपोर्ट
- त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांची झेरॉक्स, ईसीआर किंवा नॉन-ईसीआरचा (हे काय ते खाली सांगतो) शेरा असलेलं पान आणि पासपोर्ट ऑफिसने काही खास नोंद (ऑब्झर्वेशन) केली असेल तर ते पानसुद्धा, सगळ्यावर स्वतःची सही
- सध्याच्या पत्त्याचा पुरावा, म्हणजे आधार, मतदार ओळखपत्र, लाइट बिल, वापरात असलेल्या खात्याचं फोटोवालं बँक पासबुक, रजिस्टर्ड भाडेकरार यातलं काहीतरी, ओरिजिनल आणि झेरॉक्स
- दहावीचं किंवा त्यापुढचं सर्टिफिकेट, जुन्यावर ईसीआर असेल आणि ते काढायचं असेल तर

हे ईसीआर काय ते थोडक्यात. दहावी झाली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येऊ शकतो आणि मग आखाती देशांसारख्या काही ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची वेगळी परवानगी घ्यावी लागते. पर्यटनाला त्याचा अडथळा नसतो. आधी ईसीआर होता आणि नंतर दहावी पास झालात तर रिन्यू करतानाच तो काढून घ्या, बरेच जण हे विसरतात आणि पुढे नोकरीच्या वेळी धावपळ करतात.

सरकारी नोकरीत असाल तर ऑफिसला आधी कळवल्याचं ठराविक नमुन्यातलं पत्र लागतं, त्याची तयारी आधी सुरू करा कारण ते आपल्या हातात नसतं.

फोटो न्यायची गरज नाही, मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात. ४ वर्षांच्या आतल्या बाळाचा मात्र पांढऱ्या बॅकग्राउंडचा फोटो घेऊन जा.

४. साइट आणि फॉर्म

सरकारी साइट एकच आहे, पासपोर्टइंडिया डॉट गव्ह डॉट इन. पत्त्यात शेवटी गव्ह डॉट इन नसेल तर ती साइट बंद करा. गुगलवर सर्च केलं की हुबेहूब दिसणाऱ्या साइट वर येतात, त्या माहितीही घेतात आणि पैसेही घेतात. मोबाइलवर करायचं असेल तर एमपासपोर्ट सेवा हे अधिकृत अॅप आहे.

अकाउंट काढलं, लॉगिन केलं की अर्जाचे पर्याय दिसतात. तिथे री-इश्यू निवडायचं, कारण आपल्याकडे जुन्याच पुस्तिकेची मुदत वाढवून देत नाहीत, नवीन पुस्तिका आणि नवीन नंबर मिळतो. कारण म्हणून मुदत संपली किंवा संपत आली हा पर्याय. पत्ता किंवा नाव पण बदलायचं असेल तर माहितीतला बदल हा पर्याय सोबत घ्या, दोन वेगळे अर्ज करायचे नसतात. पानं ३६ हवीत की ६० तेही इथेच. कामानिमित्त सारखं बाहेर जाणं असेल तर ६० घ्या, ५०० रुपयांचाच फरक आहे.

आता नावाचं. महाराष्ट्रात आपलं नाव तीन भागांचं असतं, स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. फॉर्ममध्ये मात्र दोनच रकाने असतात, एक आडनावाचा आणि एक बाकी नावाचा. मधलं नाव बाकी नावाच्या रकान्यात, स्वतःच्या नावानंतर जागा सोडून लिहायचं. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुन्या पासपोर्टवर जसं आहे तसंच लिहायचं. जुन्यावर मधलं नाव नसेल आणि आता हौसेने टाकलंत तर तो नावातला बदल धरला जातो आणि त्याचे पुरावे मागतात. स्पेलिंगचंही तसंच, शेवटी ए आहे की डबल ए, आधारवर एक आणि पासपोर्टवर एक असं आपल्याकडे घरोघरी असतं. अर्ज करायच्या आधी आधार आणि पॅन जुन्या पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा, फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या, त्यात गेलेला वेळ पुढे वाचतो.

लग्नानंतर नाव बदलायचं की नाही हा प्रत्येकीचा स्वतःचा निर्णय आहे, पासपोर्टसाठी ते सक्तीचं नाही, माहेरच्या नावाचा पासपोर्ट अगदी व्यवस्थित चालतो. बदलायचंच असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट जवळ ठेवा, आणि पासपोर्ट, आधार, पॅन, बँक सगळीकडे एकच नाव येईल असं बघा. अर्धं इकडे अर्धं तिकडे झालं की व्हिसाच्या वेळी प्रत्येक फरकाचं स्पष्टीकरण देत बसावं लागतं.

पत्ता सध्या जिथे प्रत्यक्ष राहता तोच द्या. नोकरीसाठी पुण्यात राहताय आणि आधार साताऱ्याचं आहे म्हणून पत्ता साताऱ्याचा दिला तर पोलीस साताऱ्याला चौकशी करणार आणि तुम्ही तिथे राहत नाही असा रिपोर्ट जाणार. त्यापेक्षा पुण्याच्या पत्त्याचा पुरावा तयार करा.

फॉर्ममध्ये कोर्टात केस चालू आहे का वगैरे प्रश्न असतात. असेल तर लपवू नका. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ प्रमाणे खोटी माहिती देणं किंवा माहिती दडवणं हा गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. केस चालू असली तरी कोर्टाची परवानगी घेऊन पासपोर्ट मिळू शकतो, त्यासाठी वकिलाशी बोला.

५. फी आणि अपॉइंटमेंट

मोठ्यांना ३६ पानांचे १,५०० रुपये, ६० पानांचे २,०००. तत्काळ हवा असेल तर वर २,००० जास्त. १८ च्या आतल्या मुलांचे १,०००. पासपोर्ट हरवला किंवा खराब झाला असेल तर ३६ पानांना ३,००० आणि ६० पानांना ३,५००. साइटवर फी कॅल्क्युलेटर आहे, भरायच्या आधी तिथला आकडा बघूनच भरा. ज्येष्ठ नागरिकांची १० टक्के सूट फक्त पहिल्यांदा पासपोर्ट काढताना असते, री-इश्यूला नाही, आईच्या वेळी आम्हीही ती शोधत बसलो होतो.

खराब म्हणजे काय? पावसात भिजला, फोटोच्या पानाचं प्लास्टिक सुटलं, मुलाने पान फाडलं, हे सगळं त्यात येतं. अशा वेळी साधं रिन्यूअल म्हणून अर्ज करून गेलात तर काउंटरवर अडकाल.

पैसे भरल्याशिवाय अपॉइंटमेंट मिळत नाही. कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं चालतं. भरलेली फी १ वर्ष चालते, आणि अपॉइंटमेंटची तारीख बदलता येते पण हव्या तितक्या वेळा नाही, म्हणून जमेल तीच तारीख घ्या. पासपोर्ट सेवा केंद्रात तारखा लांबच्या दिसत असतील तर जवळच्या पोस्ट ऑफिसमधलं पासपोर्ट केंद्र बघा, तिथे पण हेच काम होतं आणि बऱ्याचदा गर्दी कमी असते.

६. नॉर्मल की तत्काळ

वेळ असेल तर नॉर्मल. तत्काळला जास्तीचे पैसे तर जातातच, वर ठराविक यादीतली ओळखीची जास्त कागदपत्रं लागतात, आणि तत्काळ म्हणून अर्ज केला म्हणजे मिळणारच अशी हमी नाही. कागदात काही खोट निघाली तर काम तिथेच थांबतं. सगळं व्यवस्थित असेल तर मात्र मंजुरीनंतर दोनतीन कामाच्या दिवसांत पासपोर्ट रवाना होतो, घरात कुणी आजारी आहे, अचानक ऑफिसने पाठवलंय अशा वेळी त्याचा खरा उपयोग आहे.

७. केंद्रात काय होतं

अपॉइंटमेंटचा मेसेज मोबाइलवर असला तरी चालतो, प्रिंटआउट सक्तीची नाही, पण मी तरी एक कागद सोबत ठेवतो. दिलेल्या वेळेच्या थोडं आधी पोचा. आत गेलं की कागद वरवर बघून टोकन देतात. पुढे तीन काउंटर, ए बी आणि सी. ए ला फोटो, बोटांचे ठसे, कागद स्कॅन, आणि फॉर्ममधली माहिती स्क्रीनवर दाखवतात. ही स्क्रीन नीट वाचा, घाई करू नका. समोरचा माणूस भराभर पुढे जात असला तरी एक मिनिट द्या म्हणायचं, कारण चूक सुधारायची सोपी जागा हीच आहे, एकदा छापून आला की पुन्हा री-इश्यू आणि पुन्हा फी. बी ला कागदांची तपासणी आणि सी ला मंजुरी देणारे अधिकारी. शेवटी एक पावती मिळते, त्यावर फाइल नंबर आणि पोलीस व्हेरिफिकेशन लागणार की नाही ते असतं. वाचल्याशिवाय बाहेर पडू नका.

जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत देतात. त्यात चालू व्हिसा असेल तर काउंटरवर तसं आवर्जून सांगा आणि परत मागून घ्या.

आईबाबांना नेणार असाल तर आदल्या दिवशीच त्यांचे कागद अर्जाच्या क्रमाने फाइलला लावून द्या. आत गेल्यावर ते एकटे पडतात, घाबरतात, आणि ओरिजिनल कुठलं झेरॉक्स कुठली यात गोंधळ होतो.

८. पोलीस व्हेरिफिकेशन

री-इश्यूला हे प्रत्येकाला लागतंच असं नाही. काहीच बदल नसेल तर बऱ्याचदा लागत नाही, किंवा पासपोर्ट मिळाल्यानंतर होतं. पत्ता किंवा नाव बदललं असेल तर आधी होण्याची शक्यता जास्त, हे सगळं पासपोर्ट ऑफिस ठरवतं.

लागलं तर पोलीस स्टेशनमधून फोन येतो. अनोळखी नंबर म्हणून कट करू नका. घरी येतात किंवा स्टेशनला बोलावतात, आधार आणि पत्त्याचा पुरावा तयार ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, भाड्याने राहत असाल तर घरमालकाला पण. या व्हेरिफिकेशनला कुठलीही फी नाही. चहापाण्याचं कुणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा, तुमचे कागद बरोबर असतील तर घाबरायचं कारण नाही.

बरेच दिवस काही हालचाल दिसत नसेल तर साइटवर फाइल नंबर आणि जन्मतारीख टाकून स्टेटस बघा. रिपोर्ट विरुद्ध गेला असेल तर अर्ज संपला असं समजू नका, पासपोर्ट ऑफिसला चौकशीची वेगळी अपॉइंटमेंट घेऊन खुलासा देता येतो. फोनवर विचारायचं असेल तर टोल फ्री नंबर १८००-२५८-१८०० आहे.

९. पासपोर्ट घरी आल्यावर

स्पीड पोस्टने येतो आणि अर्जदाराच्याच हातात देतात, म्हणून त्या दिवसांत गावाला जाऊ नका. आल्या आल्या नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं, मुदत सगळं तपासा. आता नवीन पासपोर्ट चिपवाले यायला लागलेत, कव्हरवर खाली सोनेरी रंगाची छोटी खूण असते. जुना बिनचिपचा पासपोर्ट त्याच्या तारखेपर्यंत चालतोच, फक्त चिपसाठी बदलायची काही गरज नाही.

जुना टाकून देऊ नका. अमेरिकेचा व्हिसा जुन्यात असेल आणि चालू असेल तर दोन्ही पासपोर्ट सोबत घेऊन जाता येतं, फक्त ते पान फाटलेलं किंवा खराब झालेलं नको. ब्रिटनचा ई-व्हिसा असेल तर त्यांच्या अकाउंटमध्ये नवीन नंबर टाकावा लागतो. बाकी देशांचं त्यांच्या त्यांच्या दूतावासाच्या साइटवर बघा. आधीच तिकीट काढलेलं असेल तर एअरलाइनकडे नवीन नंबर अपडेट करा. आणि नवीन पासपोर्टचा फोटो काढून घरातल्या एका माणसाकडे ठेवा, हरवला तर नंबर तरी हाताशी असतो.

१०. मुलांचे आणि परदेशातल्यांचे

मुलांच्या पासपोर्टची मुदत हा वेगळाच विषय आहे आणि सहलीच्या वेळी गाडी इथेच अडते. १८ च्या आत पासपोर्ट ५ वर्षांचा किंवा १८ पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल ते. म्हणजे मुलगा १६ वर्षांचा असताना काढला तर तो २ वर्षंच चालेल. १५ ते १८ मधल्यांना १० वर्षांचा पूर्ण मुदतीचा पासपोर्ट मागता येतो, फी मोठ्यांइतकी, आणि मुलांना बारावीनंतर बाहेर शिकायला जायचं असेल तर तोच घ्या असं मी सांगेन. आईवडिलांचा पासपोर्ट १० वर्षांचा आणि मुलांचा ५ वर्षांचा असल्याने सगळ्यांचे एकदम काढले तरी मुलांचे अर्ध्यात संपतात, घरात कुणाच्या लक्षातही नसतं. मुलांच्या अर्जाला आईवडील दोघांच्या सहीचं घोषणापत्र लागतं, सोबत आईवडिलांचे पासपोर्ट असतील तर ते पण न्या. एक पालक परदेशात असेल किंवा सही देत नसेल तर त्यासाठी वेगळा नमुना आहे, साइटवर जोडपत्रांच्या यादीत मिळतो. बाळाचा जन्म १ ऑक्टोबर २०२३ चा किंवा त्यानंतरचा असेल तर जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही, तेव्हा महानगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून दाखला घेताना त्यावर बाळाचं नाव आलंय ना ते बघून घ्या.

परदेशात राहणाऱ्यांनी तिथल्या भारतीय दूतावासामार्फत अर्ज करायचा, बऱ्याच देशांत अर्ज घ्यायचं काम बाहेरच्या एजन्सीकडे दिलेलं असतं, फी आणि कागद देशाप्रमाणे बदलतात. तिथला राहण्याचा परवाना पासपोर्टशी जोडलेला असतो म्हणून त्यांनी तर वर्षभर आधीच हालचाल करावी. आणि फिरायला गेलेलं असताना पासपोर्ट हरवला तर आधी तिथल्या पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास, ते घरी परतण्यापुरतं इमर्जन्सी सर्टिफिकेट देतात. ते फक्त भारतात यायला चालतं, त्यावर पुढची ट्रिप करता येत नाही, आणि परत आल्यावर हरवलेल्या पासपोर्टच्या कारणाखाली नवीन अर्ज करायचा.